एकाच तारेचं गाऱ्हाणं

चार महिन्यांनी मामंजींच्या तोंडून पहिला शब्द आला तो 'मीठ'. देवाचं नाव नाही, लेकाचं नाही, माझं तर नाहीच नाही. मीठ! मी ओटीवर तांदूळ निवडत होते. हातातलं सूप तसंच राहिलं. आत टीव्ही चालू होता आणि टीव्हीतली बाई म्हणत होती, "चवीपुरतं मीठ. काय घातलं? मीठ." आणि तिच्या पाठोपाठ त्याच खोलीतून घोगरा आवाज आला, "मीठ."

मामंजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, नवरा मुंबईला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, मुलगी लग्न होऊन सावर्ड्याला. म्हणजे देवरूखपासून आत असलेल्या या वाडीत, या घरात, आम्ही दोघंच. त्यांना अर्धांगाचा झटका आला तो उजव्या अंगाला. हात गेला, पाय गेला आणि वाचा गेली. गेली म्हणजे अशी, की डोळ्यांत सगळं समजलेलं दिसायचं आणि तोंड उघडलं की नुसती हवा.

आणि वाचा कोणाची गेली? तर ज्याच्या आवाजावर अख्खी वाडी चालायची त्याची. मामंजी वाडीचं गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे देवापुढं नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं एकजण देवाशी बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. शिमग्याला, लावणीआधी, कोणाचं लग्न ठरलं की, कोणी नोकरीला निघालं की, मामंजी उभे राहायचे. देवळात बोलले तर खाली वहाळावर कपडे धुणाऱ्या बायकांना ऐकू जायचं. घरातही तोच आवाज. सव्वीस वर्षं मी त्या आवाजाखाली काढली. चहा गोड झाला, आवाज. गाय सुटली, आवाज. मी त्यांच्यासमोर एक अख्खं वाक्य बोलले असेन तर शपथ. खोटं कशाला सांगू, झटक्यानंतरचे पहिले पंधरा दिवस घरात जी शांतता झाली ती मला आवडली होती. नंतर तिचीच भीती वाटायला लागली.

रत्नागिरीला वाचा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, जे काय यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं, तेवढं सोडू नका. एक शब्द घ्या, दोनदा म्हणा, त्यांना म्हणायला लावा, रोज. सांगायला काय जातंय! मी समोर बसून 'पाणी, मामंजी, पाणी' म्हटलं की हा माणूस भिंतीकडे तोंड करायचा. सुनेच्या मागून शब्द म्हणायचा? एवढी वर्षं जिला 'गं' म्हणूनही हाक मारली नाही, नुसतं खाकरून बोलावलं, तिच्या मागून? मेले तरी म्हणणार नाहीत, हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं.

पण टीव्हीतल्या त्या बाईच्या मागून म्हटलं. संध्याकाळी एका चॅनेलवर तिचा स्वयंपाकाचा कार्यक्रम लागायचा. गोल चेहरा, मोठं कुंकू, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची खोड. हळद घेतली, काय घेतलं, हळद. मला तर ती आधी डोक्यात जायची. आम्हाला काय दिसत नाही काय, हळद आहे ती! पण वाचेच्या बाईंनी सांगितलेलं सगळं हीच करत होती, आणि ती मामंजींच्या घरातली कोणी लागत नव्हती. मिठानंतर नऊ दिवसांनी हळद आली. मग तेल. मग एकदा 'कांदा' म्हणताना तोंड वाकडं होऊन नुसता 'कां' आला आणि ते स्वतःवरच रागावून डाव्या हातानं खाट बडवायला लागले. मला इतका आनंद झाला! राग म्हणजे मामंजी परत येत होते.

ज्या माणसानं जन्मात चुलीपुढं पाय ठेवला नाही तो आता स्वयंपाकघरातले शब्द घेऊन जगात परत येत होता. मी नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. सहाव्या महिन्यात सतरा शब्द झाले होते. मी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवायची. एकदा तर त्यांनी बाईची वाट न बघता, आपल्या आपण, जेवताना ताटाकडे बोट करून 'मीठ' म्हटलं. भाजीत मीठ खरंच कमी होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काढलेली खोड मला गोड लागली.

आणि मग एका संध्याकाळी चॅनेल लावला तर निळा पडदा. त्यावर पाटी, की ही वाहिनी सध्या उपलब्ध नाही, आपल्या केबलचालकाशी संपर्क साधा.

आमचा केबलवाला वाडीतलाच, भावकीतला, नात्यानं माझा पुतण्या लागतो. दोन घरं सोडून राहतो. मी तशीच पदर खोचून गेले. तो बिचारा आधीच चार बायकांच्या तावडीत सापडला होता, कारण त्याच चॅनेलवर सगळ्यांच्या मालिका. त्यानं सांगितलं ते असं, की तो फक्त तार ओढतो. चॅनेल येतात ते वरच्या केबल कंपनीकडून. चॅनेलवाल्यांनी भाव वाढवला, आणि एकटा चॅनेल द्यायला तयार नाहीत, गठ्ठा घ्या म्हणतात. वरची कंपनी म्हणते एवढ्या भावानं आम्ही घेत नाही. तेव्हा चॅनेलवाल्यांनी सिग्नल तोडला. मी विचारलं, मग चूक कोणाची? तो म्हणाला, काकी, चॅनेलवाले म्हणतात कंपनीची, कंपनी म्हणते चॅनेलवाल्यांची, आणि शिव्या खायला मी.

चॅनेलवाल्यांच्या नंबरवर फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा. दाबला. गाणं वाजलं, मग एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं की आम्ही द्यायला तयार आहोत, आपल्या केबलचालकाकडे मागणी करा. कंपनीला लावला, तिथल्या मुलानंही गोड आवाजात सांगितलं की ग्राहकांचं हित जपण्यासाठीच आम्ही नकार दिला आहे. ग्राहक म्हणजे मी. माझं हित जपायला दोघं भांडत होते आणि माझ्या घरात निळा पडदा होता.

वर पुन्हा निवडीचं नाटक. पुतण्यानं एक छापील यादी आणून दिली, आता म्हणे तुमचा चॅनेल तुम्ही निवडायचा, हवा त्यावर खूण करा. शंभर नावं. मी चष्मा लावून सगळी वाचली. परदेशी सिनेमांचे होते, कुस्त्यांचे होते, दिवसभर दागिने विकणारे होते. मला हवा होता तो एकच नव्हता. मी यादीच्या खाली पेनानं त्याचं नाव लिहिलं आणि त्यावर खूण केली. पुतण्या म्हणाला, काकी, असं नाय चालत. मी म्हटलं, मग निवड कसली रे ही?

त्यानं समजूत म्हणून दुसरा एक स्वयंपाकाचा चॅनेल सुरू करून दिला, हिंदी. मामंजींनी दोन दिवस बघितला. तिसऱ्या दिवशी त्या बाईनं 'नमक' म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच मुद्दाम त्यांचं मीठ बदललं. मग भिंतीकडे तोंड.

मोबाइलचाही उद्योग केला. वाडीत बोलण्यापुरतीच रेंज येते, नेटसाठी वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या माळावर, जावं लागतं. उन्हात कातळावर बसून मी त्या बाईचे जुने दोन भाग कसेबसे फोनमध्ये उतरवून घेतले. देवरूखचा मोबाइलवाला म्हणाला होता की टीव्हीलाच जोडा, पण आमचा टीव्ही पाठीला पोक असलेला, जुना, त्याला कुठलं भोकच नाही. म्हणून फोनच मामंजींच्या हातात दिला. त्यांनी बाईचा आवाज ऐकला, फोन उचलला आणि कानाला लावला. त्यांना वाटलं, कोणाचा तरी फोन आलाय. कितीदा सांगितलं, डोळ्यांपुढं धरून बघितलं. पुन्हा कानाला. ती बाई तिकडे बोलत होती आणि ते मोठ्या माणसाचं ऐकावं तसे मान हलवत होते, पण तोंडातून एक अक्षर नाही. फोनवर मधेच कोणाच्या मागून बोलायचं नसतं ना.

तोवर शब्द गळायला लागले होते. आधी जिरं गेलं, मग हळद. हळदीची वाटी पुढं धरली तर 'तेल' म्हणाले, आणि चुकलं हे त्यांना कळलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. आठवा महिना चालू होता. वर्षाला चारच राहिले होते, आणि ते निळ्या पडद्यापुढं चालले होते.

शेवटी मी देवरूखच्या बाजारात जाऊन डिश सांगून आले. दुकानदार म्हणाला, डिशवर तो चॅनेल आहे, परवा माणूस पाठवतो, छपरावर बसवून देईल. मी खुशीत घरी आले. बाजारातली बातमी माझ्याआधी वाडीत पोचली होती. संध्याकाळी गावकीचे म्होरके, म्हणजे आमचे गावकर, दारात उभे. वय मामंजींपेक्षा थोडं कमी, आयुष्यभर त्यांच्या मागं 'व्हय म्हाराजा' म्हटलेला माणूस. चहा घेतला, मामंजींच्या पायावर हात ठेवला, आणि मग म्हणाले, सूनबाई, ते डिशचं काय ऐकतोय?

मला खरंच आठवलं नव्हतं. मग आठवलं. फार वर्षांपूर्वी वाडीत दोन केबलवाले झाले होते, दोघं भावकीतलेच. एकमेकांच्या तारा कापल्या, मग एकमेकांची डोकी फुटली, अर्धी वाडी इकडे, अर्धी तिकडे, आणि त्या शिमग्याला पालखी खांद्यावर घ्यायला दोन्हीकडची माणसं एकत्र येईनात. पालखी अडली! तेव्हा मामंजींनी देवापुढं नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, की वाडीत टीव्हीची एकच तार राहील, दुसरी कोणी आणणार नाही. भांडण मिटलं. तेव्हापासून दर शिमग्याला गाऱ्हाण्यात ते वाक्य असायचंच, पावसाच्या आणि गुरांच्या मागोमाग कुठंतरी. आम्ही बायका देवळाच्या पायऱ्यांवरून ऐकायचो, लक्षही नसायचं.

मी म्हटलं, डिश म्हणजे तार नव्हे. गावकर म्हणाले, छपरावरनं घरात उतरते ती काय मग? मी म्हटलं, अहो, त्यांच्यासाठीच हवीय ना, त्यांच्या वाचेसाठी. त्यावर गावकरांनी मामंजींकडे बघून मान हलवली. माणूस वाईट नाही. वाडीतलं कोणीच वाईट नव्हतं. सगळ्या बायकांना चॅनेल हवा होता, पुतण्यासुद्धा म्हणाला की काकी, लावा, मला काय नाय. पण नारळ ओलांडायला कोणी तयार नव्हतं. मुंबईहून नवरा म्हणाला, तेवढं सोडून काय ते कर, मला शिमग्याला त्याच देवळात यायचंय. काय ते कर! म्हणजे काय, ते सांगायला मात्र कोणी नाही.

जाताना गावकर उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "सूनबाय, शब्द ज्याच्या तोंडानं गेलाय, त्याच्याच तोंडानं सुटायला हवा. आमी कोण सोडवणार?"

मी मामंजींच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या तोंडानं सुटायला हवा, ज्यात हळदसुद्धा राहिली नव्हती.

दोन दिवसांनी त्यांनीच तोड काढली. पुढच्या सोमवारी देवळात जमू, सारं बोलायची गरज नाही, नारळावर हात ठेवून नुसतं 'सोडलं' म्हटलं तरी देव समजून घेईल. एक शब्द. डिशवाल्याला मी तोवर थांबायचा निरोप धाडला. माझ्याकडे आठ दिवस होते.

पहिले दोन दिवस मी सरळ शिकवायला बसले. भिंत. तिसऱ्या दिवशी मला माझाच इतका राग आला की मी उठले, कपाळावर मोठं कुंकू लावलं, हातात पळी घेतली आणि बंद टीव्हीच्या पुढं जाऊन उभी राहिले. त्या बाईच्या आवाजात, मान तशीच वाकडी करून म्हटलं, "सोडलं. काय केलं? सोडलं." कोणी बघितलं असतं तर मलाही रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात घेऊन गेले असते. मामंजी बघत राहिले. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसले ते! सव्वीस वर्षांत मला बघून पहिल्यांदा हसले. आणि सहाव्या दिवशी, पळी बघत बघत, म्हणाले, "सोड...लं."

सोमवारी सकाळी चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून देवळात नेलं. धुवट धोतर, खांद्यावर उपरणं. बायका नेहमीसारख्या बाहेर पायऱ्यांवर, मी सगळ्यांत पुढं, पदराखाली पळी धरून. म्हटलं अडलेच तर दाखवू. गावकरांनी त्यांच्या डाव्या हातात नारळ दिला आणि सगळे हात जोडून उभे राहिले.

मामंजींनी नारळाकडे बघितलं. मग देवाकडे. मी मनातल्या मनात म्हणत होते, सोडलं, मामंजी, सोडलं.

आणि आवाज आला. घोगरा नाही, तुटका नाही. तोच, वहाळापर्यंत जाणारा.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां नारळ घेऊन तुझ्या पायाशी उभी हायत."

मग मागून एक म्हातारा चाचरत म्हणाला, व्हय म्हाराजा. मामंजी पुढं निघाले. पाऊस वेळेवर दे, त्यावर चारजण म्हणाले. मुंबईला गेलेल्या पोरांना सुखी ठेव, त्यावर सगळा मंडप म्हणाला. एक अक्षर अडखळलं नाही. गावकरांच्या गालावरून पाणी वाहत होतं. पायऱ्यांवर बायका एकमेकींचे हात धरून उभ्या. बायकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायची आमच्याकडे रीत नाही, पण मी म्हणायला लागले होते, प्रत्येक वाक्याला, ओरडून. बोलतायत! माझे मामंजी बोलतायत! गुरांवर नजर ठेव. व्हय म्हाराजा. वाडीत टीव्हीची एकच तार राहू दे, दुसरी येऊ देऊ नको. व्हय म्हाराजा!

म्हटलं मी. सगळ्यांनी म्हटलं. तोंडातून गेल्यावर कळलं.

चूकभूल पदरात घे म्हणून त्यांनी गाऱ्हाणं पुरं केलं, नारळ खाली ठेवला आणि आमच्याकडे वळून बघितलं, चेहरा एकदम उजळलेला. गावकरांनी वाकून हळूच विचारलं, दादा, आणि ते सोडायचं? मामंजींनी तोंड उघडलं. हवा. पुन्हा उघडलं. मी पायरीवरून पळी दाखवली. नुसती हवा.

आता पुन्हा बांधलं गेलं, असं कोणीतरी म्हणालं. मी बाजारात निरोप पाठवून डिश रद्द केली.

रत्नागिरीच्या बाईंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. वर्षानुवर्षं पाठ झालेलं असतं ते वेगळ्या वाटेनं बाहेर येतं, म्हणाल्या, त्याला बोलणं समजू नका. पुढं दोन महिन्यांनी चॅनेलवाले आणि कंपनी एक झाले. कशावर, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, पण एके दिवशी चॅनेल आला, गठ्ठ्यासकट, कुस्त्या आणि दागिने घेऊन, नाही म्हणायची सोय न ठेवता. मी संध्याकाळी धावत टीव्ही लावला. त्या वेळेला आता दुसरंच काहीतरी लागत होतं, पोरं नाचत होती. ती बाई कुठं गेली ते पुतण्याला माहीत नाही, फोनवरच्या मुलीलाही नाही.

वर्ष उलटलं. मीठ पण गेलं. कॅलेंडर मी काढून ठेवलं.

आता रोज संध्याकाळी मी दार लोटून घेते आणि मामंजींच्या डाव्या हातात नारळ देते. गावकरांना कळलं तर म्हणतील, देवाशी असा खेळ करू नये, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण नारळ हातात आला की ते बोलतात, अख्खे, खणखणीत, पावसापासून चूकभुलीपर्यंत, आणि घरात माणसाचा आवाज होतो. मधे ते वाक्य येतं. रोज येतं, रोज आम्हाला त्याच तारेला बांधतं. मी थांबले तर तेही तिथंच थांबतात आणि तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत बसतात. म्हणून मी थांबत नाही. खाटेपुढं एकटीच उभी राहून हात जोडते आणि म्हणते, व्हय म्हाराजा.